डावीकडचा ठिपका

३ मार्च, मंगळवार

आज बाबांना पहिल्यांदा यंत्रावर बसवलं. यंत्र म्हणजे एक टेबल, त्यावर सगळीकडे सरकणारी एक मूठ आणि समोर पडदा. लुळा पडलेला उजवा हात मुठीला पट्ट्यांनी बांधतात आणि वरून काळी फळी सरकवून हात झाकून टाकतात. पेशंटने हाताकडे नाही, पडद्याकडे बघायचं. थेरपिस्ट मॅडम म्हणतात, "काका, उजवीकडे ढकला," आणि ढकलून झालं की पडद्यावरच्या गोल चार्टमध्ये ठिपका उमटतो. हात ज्या दिशेला गेला त्या दिशेला ठिपका, आणि जितका लांब गेला तितका मध्यापासून दूर. लहान पोरालाही कळेल.

बाबांचा ठिपका डावीकडे उमटला. दरवेळी डावीकडेच, आणि चांगला लांब.

मॅडम म्हणाल्या, अर्धांगाच्या झटक्यानंतर हात असा आत ओढला जातो, होतं बरेचदा. मी आणि आईने एकमेकींकडे पाहिलं आणि आम्हाला हसू फुटलं. हसू नये हे कळत होतं. पण जन्मभर शाळेच्या मैदानावर पोरांना डावं-उजवं शिकवलेले ड्रिल मास्तर, आणि त्यांनाच उजवीकडे म्हटलं की डावीकडे! त्यात बाबांचा स्वभाव. सगळे जिन्याकडे वळले की हे लिफ्टपाशी, लिफ्ट आली की हे जिन्यात. पेपर शेवटच्या पानापासून वाचायचा. लग्नाच्या फोटोत झाडून सगळे कॅमेऱ्याकडे बघतायत आणि नवरदेव भलतीकडे. आई म्हणते, "यांच्याकडून हो हवं असेल तर 'नको ना?' असंच विचारावं लागतं."

झटक्याने त्यांचे सगळे शब्द नेले आणि एकच ठेवला, तोही नेमका 'नाही'. चहा हवा का? नाही, आणि कप रिकामा. आज पडद्याकडे बघूनही "नाही, नाही, नाही" चाललं होतं. आई म्हणाली, "हो हो, कळलं."

५ मार्च

ऑफिस. पुस्तकात ज्याला ध्रुवीय आलेख म्हणतात, आम्ही पोलर चार्ट म्हणतो आणि आई जाळं म्हणते, ते काढणारा कोड सांभाळणं हे माझं पोट. आमचं सॉफ्टवेअर घेऊन कोण कशात घालतं याचा आम्हाला पत्ताही नसतो.

आज एका वारा मोजणाऱ्या माणसाची तक्रार आली. अक्षाची सुरुवात शून्याऐवजी पाचपासून केली की मंद वारे उलट दिशेला दिसतात, पूर्वेचा वारा पश्चिमेला. म्होरक्याने (आमच्या टीमचा प्रमुख, नाव मी ठेवलंय, त्याला माहीत नाही) वाचलं आणि म्हणाला, "गोल चार्टमध्ये शून्य सोडून दुसरीकडून सुरुवात कोण करतं? ठेव मागे." मलाही पटलं. वाऱ्याच्या माणसाला वाऱ्यावर सोडलं.

९ मार्च

बाबांचे ठिपके अजून डावीकडेच, पण पहिल्या दिवसाइतके लांब नाहीत. मॅडम म्हणाल्या, आतली ओढ कमी होतेय, म्हणजे कदाचित चांगलंच. आईने लगेच घरी येऊन सगळ्या नातेवाइकांना फोन केले.

१३ मार्च

आज मॅडमनी मला बाजूला घेतलं. बाई चांगल्या आहेत, पण वाईट बातमी सांगताना पेनाचं टोपण उघडतात आणि लावतात, उघडतात आणि लावतात. म्हणाल्या, "आम्हाला वाटलं होतं उलटी ओढ गेली की सुलटा जोर येईल. ओढ चाललीय, पण जोर काही येत नाहीये. प्रयत्नच कमी होतोय असं दिसतंय." यंत्र एकच आहे आणि बाहेर लोक ताटकळलेत. सव्वीस तारखेला डॉक्टरांबरोबर बैठक आहे, तोवर ठिपका उजवीकडे आला नाही तर बाबांची वेळ दुसऱ्या कुणाला द्यावी लागेल. "मग हाताचं काय?" मी विचारलं. त्या म्हणाल्या, "घरी मालिश करत राहा."

हे वाक्य कशासाठी म्हणतात ते मला कळतं. त्याचा अर्थ, हात गेला. आईला अजून सांगितलं नाही.

१६ मार्च

वाऱ्याच्या माणसाचं तिसरं पत्र आलं, आता जरा तिरसटच. म्हटलं बघून टाकू. बघितलं, आणि जेवायची सुट्टी कधी संपली मला कळलं नाही.

कोड किती साधा! किंमत घ्यायची, त्यातून अक्षाची सुरुवात वजा करायची, उरेल तेवढं मध्यापासून त्या दिशेला जायचं. किंमत आठ, सुरुवात पाच, तर तीन पावलं पूर्वेला. पण किंमत तीन असली तर? उरले उणे दोन. पूर्वेकडे उणे दोन पावलं म्हणजे काय? माणूस असता तर थांबला असता, कुणाला तरी विचारलं असतं. कोड मध्यातून पार होऊन पश्चिमेला दोन पावलं चालून जातो.

त्याहून मोठी गंमत पुढे आहे. वारा जितका कमी, तितका ठिपका उलट बाजूला जास्त लांब. वारा अजिबात नसला की सगळ्यात लांब! मग वारा वाढवत नेला की तो उलटा ठिपका हळूहळू आत सरकतो, मध्यापाशी येतो, आणि एकदाचा पाचच्या पुढे गेला की आपल्या बाजूला शहाण्यासारखा उभा. मी किंमत वाढवत आणि कमी करत नुसती बघत बसले. एका वजाबाकीने असलं उलटं जग उभं केलंय, जिथे पडलेला वारा वादळासारखा दिसतो. कुणी जीव तोडून खोटं रचलं असतं तरी इतकं नेटकं जमलं नसतं. मी म्होरक्याला बोलावून दाखवलं. तोही आ वासून बघत राहिला, मग म्हणाला, "पण असं वापरतं कोण?"

सकाळी बाबांचे ठिपके मध्याच्या अजून जवळ आलेले. दमले बहुतेक.

१८ मार्च

आईला सांगितलं. ती रडली नाही, कंबर कसली. म्हणाली, "बेचाळीस वर्षं ओळखते मी या माणसाला. याला उजवीकडे ढकल म्हटलं तर मेला तरी ढकलणार नाही. उद्या डावीकडे सांगायचं."

मी म्हटलं, आई, हा मेंदूचा आजार आहे, रुसवा नाही. पण खरं सांगायचं तर माझ्याही मनात तेच होतं.

१९ मार्च

चाललं!!

मॅडम आधी तयार नव्हत्या, मग हसून म्हणाल्या, एकदाच. "काका, आज डावीकडे ढकला बरं." बाबांनी आमच्या तिघींकडे आळीपाळीने पाहिलं, शाळेत न समजणाऱ्या पोराकडे बघत तसं. मग कपाळाची शीर ताणून ढकललं. आणि ठिपका उजवीकडे! आईने टाळ्या वाजवल्या, मी वाजवल्या, दारातल्या वॉर्डबॉयनेही वाजवल्या.

बाबा खवळले. डाव्या हाताने टेबलावर थाप मारली, "नाही! नाही! नाही!" आणि त्यानंतर कितीही सांगितलं तरी ऐकलं नाही. पुन्हा आपले डावीकडचे ठिपके. आई दमून खुर्चीत बसली. "जमतंय म्हटल्यावर लगेच सोडून दिलं. कौतुकसुद्धा चालत नाही या माणसाला."

येताना गाडीत माझा तोल गेला. म्हटलं, "बाबा, एकदा तरी, आयुष्यात एकदा तरी जे सांगितलंय ते करा. तुमचा हात जातोय." ते खिडकीबाहेर बघत होते. डोळ्यांत पाणी होतं. मी ते दुखण्याचं समजले.

२२ मार्च, रविवार

मालिश केलं.

२४ मार्च

नीट क्रमाने लिहिते.

सकाळी मी पडद्याकडे बघत होते, म्हणजे बाबांच्या ठिपक्याकडे नाही, नुसतीच. वर्तुळाच्या वरच्या टोकाचा आकडा किंचित कापलेला होता. तो कापला जातो हे मला माहीत आहे, कारण तो आमच्याकडेच कापला जातो. तीन वर्षं मागे ठेवलेलं काम आहे ते. मला आधी गंमत वाटली, अरे, हे आपलं जाळं! मग मी मध्याकडे पाहिलं. तिथे शून्य नव्हतं. बारीक अक्षरात दोन होता.

"मॅडम, मध्यावर दोन का आहे?"

त्या म्हणाल्या, "दोन सेंटिमीटरपर्यंत हात नुसता थरथरतो सगळ्यांचाच. ते दिसू नये म्हणून यंत्रवाल्यांनी चार्टची सुरुवात दोनपासून ठेवलीय."

वाऱ्याच्या माणसाचे पाच, इथले दोन. मी इतक्या मोठ्याने ओरडले की आई दचकली. "फळी काढा!"

"कशाला?"

"मॅडम, हात बघा. पडदा नको, हात बघा. काढा ना ती फळी!"

आई म्हणाली, "अगं, ओरडू नकोस, दवाखाना आहे." मॅडमनी माझ्याकडे पाहिलं, पेन खिशाला लावलं आणि फळी सरकवली. पट्ट्यांत बांधलेला बाबांचा हात किती दिवसांनी उघड्यावर आला. आम्ही तिघी त्यावर वाकलो.

"काका," मॅडमचा आवाज बारीक झाला होता, "उजवीकडे ढकला."

बाबांनी डोळे मिटले. मान ताठ झाली, जबडा आवळला. काहीच होईना. मग मूठ हलली. उजवीकडे. सरकत, अडखळत, बोटाच्या अर्ध्या पेराइतकी जेमतेम, पण उजवीकडे! आणि वर पडद्यावर, त्याच क्षणी, ठिपका डावीकडे उमटला.

आईने हळूच बाबांच्या मनगटावर हात ठेवला, तापलेल्या भांड्याला लावतात तसा, आणि काढून घेतला.

मॅडम म्हणाल्या, सेटिंगला हात लावायची आम्हाला परवानगी नाही. असं म्हणतच त्यांनी सेटिंग उघडलं आणि दोनच्या जागी शून्य केलं.

ठिपके उडाले. तीन आठवड्यांचे सगळे ठिपके डावीकडून उठले आणि उजवीकडे जाऊन बसले. पहिल्या दिवसाचे अगदी मध्याला चिकटून, दुसऱ्या आठवड्यातले थोडे पुढे, आजचे सगळ्यात पुढे, साखरेकडे निघालेल्या मुंग्यांसारखे. एकटा एक ठिपका डावीकडे गेला. तो एकोणीस तारखेचा. आम्ही टाळ्या वाजवल्या होत्या तो.

२५ मार्च

मी चार्ट काढून पोट भरते. आज दिवसभर मला चार्टचा विचार करता आला नाही, फक्त त्या माणसाचा आला.

पहिल्या दिवशी हात हलला न हलल्यासारखा, तेव्हा ठिपका सगळ्यात लांब. आम्ही म्हटलं, बघा, उलट करायला किती जोर! मग हात रोज थोडा थोडा पुढे जाऊ लागला, आणि पडदा रोज सांगत राहिला की तू कमी पडतोयस. हात झाकलेला. डोळ्यांसमोर यंत्र, भोवती तीन शिकलेल्या बायका, सगळे एका सुरात सांगतायत की तू डावीकडे जातोयस. तोंडात शब्द एकच. आणि हा माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा उजवीकडे ढकलतो. का? आतून कळत असणार? डॉक्टरांच्या म्हणण्याप्रमाणे त्या हातात जाणीव जेमतेम आहे. मग कशाच्या जोरावर? आम्ही सांगितल्याप्रमाणे डावीकडे ढकललं तेव्हा कौतुकाचा पाऊस पडला, आणि ते कौतुक त्यांनी टेबलावर थाप मारून परत केलं. माझ्याच्याने झालं नसतं. दोन दिवसांत मी पडद्याचं ऐकलं असतं.

बाबांचा मला या आधी अभिमान वाटला होता, राग आला होता, लाजही वाटली होती. आज भीतीच वाटली, देवासमोर वाटते तसली. संध्याकाळी त्यांच्या पायाशी जाऊन बसले. म्हटलं, "बाबा, चुकलं आमचं." ते "नाही" म्हणाले. कुठला नाही ते आईलाही ओळखता आलं नाही.

२६ मार्च

बाबांची वेळ राहिली. डॉक्टरांनी स्वतः येऊन फळी काढून हात पाहिला, दोनदा. आईने सगळ्या मजल्याला चहा पाजला.

मी नाचायचीच बाकी होते, तेवढ्यात मॅडम म्हणाल्या, "ज्यांचा हात दोनच्या पुढे जातो, त्यांचे ठिपके बरोबर येतात. म्हणून आम्हाला कधी संशय आला नाही." मी म्हटलं, हो ना. त्या म्हणाल्या, "म्हणजे चूक फक्त सगळ्यात अशक्त लोकांच्या बाबतीत होत होती. ज्यांना आम्ही घरी पाठवलं."

पेनाचं टोपण उघडून तसंच राहिलं होतं. माझा आनंद जागच्या जागी बसला.

३० मार्च

दुरुस्ती आज बाहेर पडली. अक्षाच्या सुरुवातीपेक्षा लहान किंमत आली तर ठिपका मध्यावरच थांबेल, पलीकडे जाणार नाही. चार ओळी. म्होरक्याने स्वतः तपासल्या, आणि त्या दवाखान्यातलं ऐकून पाणी प्यायला उठून गेला. यंत्रवाल्यांना फोन झाला. वाऱ्याच्या माणसाला मी स्वतः लिहिलं की तुमचं बरोबर होतं आणि उशिराबद्दल माफी. त्याचं उत्तर आलं, "माहीत होतं. मी बाहेर जाऊन उभा राहिलो होतो."

२ एप्रिल

मॅडम जुन्या लोकांना फोन करतायत. एक निवृत्त बसड्रायव्हर परत यायला तयार झालेत, पण यंत्रावर वेळ शिल्लक नाही. मॅडमनी मला सरळ विचारलं नाही, नुसतं सांगितलं की वेळ शिल्लक नाही.

मला कळलं. मी विषय बदलला. बाबांचा हात आत्ता कुठे दोनच्या पुढे जायला लागलाय, त्यातले अर्धे दिवस कसे देऊ? असं लिहायला बरं वाटत नाही, पण खरं तेच आहे.

६ एप्रिल, सोमवार

बसड्रायव्हर आज नुसते भेटायला म्हणून आले होते, बायकोबरोबर. उंच माणूस, उजवा हात खिशात घालून ठेवलेला. बाई दारातच थांबल्या. मॅडमना म्हणाल्या, "तुम्ही बोलावलंत म्हणून आलो. पण यांना पुन्हा ते ठिपके दाखवू नका हो. घरी आल्यावर चार-चार दिवस बोलत नव्हते."

मॅडम बाबांचा पट्टा बांधायला वाकल्या. बाबांनी डाव्या हाताने पट्टा धरला आणि सोडेनात. "नाही." मॅडमना वाटलं, घट्ट झालाय. मला वाटलं, आज मूड नाही. मग त्यांनी डाव्या हाताचं बोट ड्रायव्हरकडे केलं, मैदानात ओळीतून एखाद्या पोराला पुढे बोलावत तसं, आणि आपली खुर्ची ढकलत मागे घेतली. मी "पण बाबा" म्हणाले. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की पुढचं वाक्य मी गिळलं. आता एक दिवस आमचा, एक दिवस त्यांचा.

ड्रायव्हर बसले. मॅडमनी फळी लावलीच नाही. सगळे जवळ आलो, बाई मात्र दारातच, पाठ करून.

"काका, उजवीकडे."

पहिल्यांदा काहीच झालं नाही. दुसऱ्यांदाही नाही. तिसऱ्या वेळी मूठ हलली, तांदळाच्या दाण्याएवढी, आणि पडद्यावर मध्याला अगदी खेटून, उजव्या अंगाला, ठिपका आला.

ड्रायव्हर हाताकडे बघत होते, मग पडद्याकडे, मग पुन्हा हाताकडे. त्यांनी विचारलं, "म्हणजे तेव्हासुद्धा जात होता?"

मॅडम म्हणाल्या, "जात होता, काका. रोज जात होता."

ते मान वळवून दाराकडे बघत हळूच म्हणाले, "तुला सांगत होतो ना मी."